बांगड्यांचा नियम

"मस्ट म्हणजे केलंच पाहिजे," असं म्हणत कुंभार सरांनी द्राक्षांच्या खोक्याचा पुठ्ठा उलटा केला आणि त्यावर मोठ्या अक्षरांत तो शब्द लिहिला. "आणि शूड म्हणजे केलेलं बरं. पहिला हुकूम, दुसरा सल्ला. कळलं का?"

"कळलं की," मागून छबू म्हणाली. "सासू बोलली की मस्ट, नवरा बोलला की शूड."

अख्खी शेड हसली. कुंभार सर तालुक्याच्या कॉलेजात नवीनच लागलेले. बायकांच्या एवढ्या घोळक्यापुढं उभं राहायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळं तेही हसले आणि मग घाम पुसत बसले. मी हसले ते तोंडाला पदर लावून. एक तर सासू माझ्यासमोरच, त्याच टेबलाला बसली होती. दुसरं म्हणजे नवऱ्याचा विषय निघाला की माझी मान आपोआप खाली जायची. मग तो विषय कुणाच्याही नवऱ्याचा असो.

तासगावच्या पुढं, ओढ्याच्या काठाला अण्णांचं पॅकहाऊस होतं. अण्णा म्हणजे मालक. माणूस वाईट नव्हता, पण परदेशात माल पाठवायचं त्यांच्या डोक्यात बसलं होतं आणि त्यापुढं त्यांना तहानभूक सुचत नसे. बागेतून क्रेट आले की आम्ही बायका कात्रीनं घडातले खराब मणी काढायचो आणि चांगले घड डब्यांत भरायचो. त्या वर्षी विलायतेच्या एका कंपनीची मॅडम शेड बघायला येणार होती. स्वच्छतेचे नियम बायकांना माहीत आहेत का, हे ती मालकाकडून नव्हे तर बायकांकडूनच ऐकणार होती. म्हणजे आमच्यातल्या एकीनं उभं राहून एकेक नियम आधी इंग्रजीत आणि मग मराठीत सांगायचा, बाकीच्यांनी तो करून दाखवायचा, असं ठरलं. बारावी शिकलेली मी एकटीच होते.

"मंदा, एवढं जमवलंस की सुपरवायझर तू," अण्णांनी सांगितलं होतं. "हंगामापुरती न्हाई. बारमाही."

बारमाही या शब्दाची किंमत ज्याला द्राक्षाचा हंगाम संपताना बघायचा असतो त्यालाच कळते. शेवटची गाडी भरून गेली की शेडला कुलूप लागायचं आणि आम्ही दुसऱ्याच्या रानात तण भांगलायला जायचो. तेही मिळालं तर मिळालं. घरात आम्ही दोघीच, मी आणि सासू. ही नोकरी मिळाली असती तर माहेरी भावाच्या दारात जाऊन बसायची पाळी माझ्यावर कधीच आली नसती. मला रात्रंदिवस भीती होती ती त्या दाराची.

आमचे हे पुण्याला कंपनीत होते. "सुट्टी मिळत नाही, दिवाळीला येणार आहेत," असं मी लोकांना सांगत असे. दिवाळी झाली की शिमगा, शिमगा झाला की गावची जत्रा. लोक "बरं बरं" म्हणायचे आणि माझ्या हातांकडं बघायचे. माझे हात मात्र कायम भरलेले असत. कासारीण गल्लीत शिरली की आत्याबाई तिला हाक मारून बसवून घेत आणि मला पुढं ढकलत. आत्याबाई म्हणजे माझी सासू, हौसाबाई. त्यांचे स्वतःचे हात माझ्या लग्नाआधीच मोकळे झालेले.

"अजून घाल, अजून घाल," त्या कासारणीला म्हणायच्या. "हात भरल्याला असला की लोकांची तोंडं गप ऱ्हात्यात."

तोंडं गप राहायची, डोळे राहायचे नाहीत. मला त्या हिरव्या चुड्याची लाज वाटायची. जितक्या जास्त बांगड्या, तितकं मला वाटायचं की आपण काहीतरी झाकतोय हे गावाला लांबूनच दिसतंय. मणी काढताना त्या वाजायच्या आणि मी हात आखडता घ्यायची. आत्याबाईंना हे सांगायची सोय नव्हती.

हात धुण्याचा नियम झाला, नखांचा झाला, डोक्यावरच्या जाळीच्या टोपीचा झाला. तिसऱ्या की चौथ्या दिवशी सर जरा जपूनच म्हणाले, "आता दागिन्यांचा नियम. मंगळसूत्र कामाच्या झग्याच्या आत राहिलं तर चालेल. पण बांगड्या काढायच्या."

सगळ्या जणींचे हात आपापल्या मनगटांवर गेले.

"सर," छबू म्हणाली. तिचा आवाज आता चेष्टेचा नव्हता. "काढायच्या असं सवाष्णीला म्हणू ने. वाढवायच्या म्हणत्यात. आन् त्या बी कवा वाढवत्यात ते तुमाला ठावं हाय न्हवं?"

"अहो, तसं नाही. काच फुटली आणि तुकडा डब्यात गेला तर तिकडं कुणाच्या तरी पोटात जाईल."

"मग वर फडकं बांधू की."

"फडकं चालत नाही."

"हे मस्ट हाय का शूड?"

सरांनी मान खाली घातली. "मस्ट."

मग जो कल्ला उठला तो ऐकून अण्णा ऑफिसातून धावत आले. एका दिवसाचा तर प्रश्न आहे, म्हणाले. बायका म्हणाल्या, नवरा काय एक दिवस सोडून बाकीचे दिवस जिवंत हवा असतो का? अण्णा चिडले, मग समजावू लागले, मग पुन्हा चिडले. एवढा आटापिटा करून माल बंदरावर पोचवायचा आणि चार बांगड्यांपायी परत आणायचा का, असं विचारताना त्यांचा आवाज चक्क रडवेला झाला. शेवटी छबूनंच तोड काढली.

"सुपरवायझरीण हुनार ती मंदा. तिनं आदी हात मोकळं करावं. ती करंल तर आमी करू." आणि मग, सवयीनं, थांबायच्या जागी न थांबता ती बोलून गेली, "तिला काय, तिचा दाल्ला कुठं बघाय येतोय."

कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. सगळ्या जणी एकदम घडांवर वाकल्या आणि कात्र्यांचे आवाज सुरू झाले. माझे कान तापले, डोळ्यांपुढं द्राक्षं दिसेनात. मी समोर बघितलं. आत्याबाई खाली मान घालून एकच मणी पुन्हा पुन्हा कात्रीत धरत होत्या.

सांजेला मी चुलीपुढं भाकरी थापत होते आणि नियमांची इंग्रजी वाक्यं पाठ करत होते. आत्याबाई उंबऱ्यात मिशरी लावत बसल्या होत्या.

"काय म्हणतीस गं ते?" त्यांनी विचारलं.

"तंबाखूचा नियम. शेडात तंबाखू, मिशरी काय चालत न्हाई."

"मला बी?"

"सगळ्यांस्नी."

"मग सासूला सांगायचं वेगळं आसंल त्यांच्यात. जरा मानानं."

"न्हाई आत्याबाई. त्यांच्यात लहानथोर एकच. मालकाला बी यू, गड्याला बी यू."

त्यांना याचं मोठं नवल वाटलं. बोट तोंडातून काढून त्या म्हणाल्या, "मग म्हण बघू मला."

मला म्हणवेना. त्यांनी पुन्हा सांगितलं. मी चुलीकडं तोंड करून, जाळात बघत म्हटलं, "यू मस्ट नॉट युज टोबॅको."

"आन् मराठीत?"

"आत्याबाई, शेडात मिशरी लावायची न्हाई."

मी वळून बघितलं तर त्या हसत होत्या. "लई कडू न्हाई लागलं," त्या म्हणाल्या आणि चूळ भरून आल्या. मग माझ्याशेजारी बसल्या. हसू गेलं होतं.

"नियम सांग तू. समदं सांग. पर तू सोता हात मोकळा करायचा न्हाई."

"मग बाकीच्या काढनार न्हाईत."

"नगं काढू देत."

"आत्याबाई, नोकरी जाईल."

"गेली तर गेली. माझ्या दिलप्याच्या नावाचं हाय ते. तो येस्तोवर तुजं हात भरल्यालं दिसलं पायजेत मला. माझं गेलं ते गेलं."

तव्यावरची भाकरी करपली. माझ्याकडं सांगण्यासारखं होतं. पण ते त्यांना सांगण्यासारखं नव्हतं. मी "बरं" म्हणाले आणि दुसरी भाकरी थापायला घेतली.

मॅडम आली तो दिवस उन्हाचा होता. उंच, लालसर, कपाळावर उन्हानं चट्टे उठलेली बाई. तिनं दारातच स्वतःच्या कानातलं काढून खिशात टाकलं, आमच्यासारखीच जाळीची टोपी घातली आणि कुणी सांगायच्या आत हात धुतले. अण्णांनी नवा शर्ट घातला होता आणि तो पाठीला चिकटला होता. कुंभार सर भिंतीला टेकून उभे होते, परीक्षा त्यांचीच असल्यासारखे.

मी टेबलांच्या मधे उभी राहिले. हात धुण्याचा नियम सांगितला, सगळ्यांनी हात धुऊन दाखवले. नखांचा सांगितला, सगळ्यांनी बोटं पुढं केली. तंबाखूचा सांगितला आणि आत्याबाईंनी दोन्ही हात हलवून "नो, नो" म्हटलं. त्यावर मॅडम खळखळून हसली. अण्णांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

मग मी दागिन्यांचा नियम सांगितला. इंग्रजीत सांगितला तोवर काही वाटलं नाही. मराठीत सांगताना मी आत्याबाईंकडं बघायचं टाळलं. "शेडात बांगड्या घालायच्या नाहीत. हात मोकळे पाहिजेत."

एकही बाई हलली नाही. सगळ्या माझ्या हातांकडं बघत होत्या. मॅडमनंही तिकडंच बघितलं. माझे कोपरापर्यंत भरलेले दोन हात तिथं सगळ्यांना दिसत होते, आणि नियम मीच सांगत होते.

"अँड यू?" मॅडमनं विचारलं. रागानं नव्हे. तिला खरंच कळत नव्हतं.

"मंदा," अण्णा दबक्या आवाजात म्हणाले. "मंदा, अगं."

मी उभीच राहिले. काढाव्यात तर आत्याबाईंना दिलेला शब्द मोडत होता, आणि तोही त्यांच्या डोळ्यांदेखत, सगळ्या गावच्या बायकांपुढं. न काढाव्यात तर बारमाही गेली. पायाखालच्या फरशीकडं बघत मी एवढंच मनात म्हणत होते की आता कुणी काही बोलू नये. लाजेनं माणूस मरत नाही, पण मरावं असं वाटतं हे खरं आहे.

बाकडं सरकल्याचा आवाज आला. आत्याबाई उठल्या होत्या. त्या नळाकडं गेल्या, साबणाची वडी उचलली, हाताला फेस केला आणि ओले हात तसेच घेऊन माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी माझा उजवा हात धरला.

"हौसाक्का!" छबू किंचाळलीच. "रंडकीनं सवाष्णीच्या चुड्याला हात लावतीस? येडी झालीस काय?"

"गप बस छबे," आत्याबाई म्हणाल्या. मग त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या, पण बघत होत्या माझ्या मनगटाकडंच. "माझ्या पोरानं पुण्यात दुसरा संसार मांडलाय. लेकरू बी हाय तिथं. आज न्हाई, लई दिसांची गोष्ट हाय. मला ठावं हाय. तो दिवाळीला येत न्हाई आन् शिमग्याला बी येत न्हाई. ही पोरगी त्याच्या नावानं हात भरून बसती, ते मी बसवते म्हणून. माझ्या पोराचं श्याण झाकाय हिचा हात वापरला मी."

फेसाळलेल्या बोटांनी त्यांनी माझी बोटं जुळवली, अंगठा आत दाबला आणि एक बांगडी हळूच सरकवली. मग दुसरी.

"फोडायची न्हाई एक बी," त्या म्हणाल्या. "मेला न्हाई तो. निसत्या काढायच्या."

शेडमध्ये बांगडीवर बांगडी पडल्याचा आवाज तेवढा येत होता. त्या एकेक करून टेबलावर ठेवत होत्या. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं की नाही ते आठवत नाही. मनगटं पांढरीफटक दिसत होती, त्यावर काचेचे वळ होते, आणि अख्खी शेड ते बघत होती, एवढं आठवतं. तोवर मला वाटायचं की गावाला कळलं तर त्याच दिवशी आपण संपलो. कळलं होतं. मी उभीच होते.

मॅडम गोंधळून माझ्याकडं आणि आत्याबाईंकडं बघत होती. "व्हॉट इज शी सेइंग?"

कुंभार सरांनी माझ्याकडं बघितलं. सांगायचं मलाच होतं.

"शी इज माय मदर-इन-लॉ," मी म्हणाले. "शी सेज, वी मस्ट फॉलो द रूल."

"व्हेरी गुड," मॅडम म्हणाली आणि आत्याबाईंकडं बघून तिनं अंगठा वर केला.

छबू उठली. नळाकडं गेली. जाताना माझ्याकडं बघायची तिची हिंमत झाली नाही. तिनं साबण घेतला आणि स्वतःच्या बांगड्या काढायला लागली. तिच्या मागं एकेक करून सगळ्याच उठल्या.

संध्याकाळी अण्णांनी मला ऑफिसात बोलावलं आणि उद्यापासून सुपरवायझर म्हणून यायला सांगितलं. ते बोलताना खिडकीबाहेर बघत होते. मी "हो" म्हणाले. ज्या गोष्टीसाठी एवढं केलं ती हातात आली आणि मला फक्त तिथून बाहेर पडायची घाई झाली होती.

आम्ही मोठा रस्ता सोडून ओढ्याकडच्या वाटेनं निघालो. आत्याबाई पुढं, मी मागं. बांगड्या त्यांच्या पदराच्या गाठीत होत्या. ओढ्याचा बांध लागेतो त्या झपाझप चालल्या. मग त्या थांबल्या, पण मागं वळल्या नाहीत.

"मंदे, तू दचकली न्हाईस."

"कवा?"

"मी बोलले तवा. छबी दचकली. अण्णा दचकलं. त्यो मास्तर बी दचकला. तू न्हाईस."

मी त्यांच्या पदराच्या गाठीकडं बघितलं.

"तुला ठावं व्हतं."

"व्हय."

"कवापास्नं?"

"तुमी जोतिबाला गेलता बगा, त्या चैतापास्नं. दुकानात फोन आला हुता त्यांचा. त्यांनीच सांगितलं. बाईचं, पोराचं, समदं."

"चैतापास्नं!" त्या आता वळल्या. त्यांचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. "मंजी मागल्याच्या मागल्या चैतापास्नं. आन् माझ्या संगट बसून कासारनीपुढं हात करत व्हतीस? मला का बोलली न्हाईस?"

"त्यांनी बजावलं हुतं," मी म्हणाले. "आईला कळता कामा नये, म्हणाले. ती जीव देईल. तू सांभाळ तिला."

आत्याबाईंनी बांधाला हात लावला आणि तिथंच खाली बसल्या. मला वाटलं चक्कर आली. मी पुढं झाले, तर त्यांनी हातानंच थांब म्हटलं.

"मला पंचमीला आला फोन," त्या म्हणाल्या. "त्याच सालच्या. तू म्हायेरी गेलतीस. मला म्हनला, मंदीला कळता कामा नये. पोरगी हिरीत उडी घील. तू सांभाळ तिला."

मी त्यांच्याशेजारी बसले. म्हणजे आम्हा दोघींतली एक घरात नाही, असं बघून त्यानं एकेकीला गाठलं होतं. चैत्रात मला, श्रावणात त्यांना. एकीच्या गळ्यात दुसरीचा जीव बांधून तो मोकळा झाला होता. त्या मला जगवायचं म्हणून माझे हात भरत होत्या आणि मी त्यांना जगवायचं म्हणून भरून घेत होते. आणि एवढ्या दिवसांत घर, रान आणि त्याचं गावातलं नाव आम्ही दोघी मिळून सांभाळत होतो. सकाळी शेडमध्ये वाटली नव्हती एवढी लाज मला त्या बांधावर वाटली. ती टाकलेली बायको म्हणून नव्हती. आपल्याला बांधून ठेवायला एवढंसं पुरलं, याची होती.

आत्याबाईंनी पदराची गाठ मांडीवर घेतली. मग एकाएकी त्यांना हसू आलं, वाईट, कोरडं.

"एकच बोल बोलला की गं दोघींला," त्या म्हणाल्या. "दुसरं काय सुचलं बी न्हाई व्हय त्याला?"

"त्याला कशाला सुचतंय आत्याबाई," मी म्हणाले. "एकात भागलं त्याचं."

लग्न झाल्यापासून नवऱ्याला मी पहिल्यांदाच एकेरी बोलले होते, आणि ते त्याच्या आईपुढं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. टोकलं मात्र नाही.